रीफ टँकसाठी पंप घेताय? या चुका टाळा, नाहीतर मे महिन्यात रडायची वेळ येईल

"दादा, तीन फुटी टँकला कुठला वेव्हमेकर घेऊ?" हा प्रश्न हल्ली लई जण विचारायलेत आणि सोबत ऑनलाईनवरचा फोटो असतो, खोक्यावर ठळक अक्षरात लिटर पर अवर. (रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ ठेवलेला खाऱ्या पाण्याचा फिशटँक, आणि वेव्हमेकर म्हणजे त्यातलं पाणी आतल्या आत फिरवणारा पंप.) मी उलटं विचारतो, मे महिन्यात दुपारी तीनला त्या खोलीत किती तापतं आणि लाईट गेली की किती वेळानं येते? मुंबईच्या एसी फ्लॅटमधला व्हिडिओ बघून तोच पंप मागवायचा आणि इकडं नांदेडला नाहीतर परभणीला 42-43 डिग्रीत चालवायचा, याचा हिशोबच वेगळा आहे.

पहिला घोळ म्हणजे रिटर्न पंप आणि वेव्हमेकर एकच समजणं. रिटर्न पंपाचं काम सम्पमधलं, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या टाकीतलं पाणी वर टँकमध्ये चढवणं, त्याला टँकच्या तीन ते पाच पट तासाला मिळालं तरी बास. कोरलला जो फ्लो लागतो तो टँकच्या आत लावलेल्या वेव्हमेकरनं द्यायचा. काही जण पैसे वाचवायला एकच दांडगा रिटर्न पंप घेतात, मग वरचं पाणी खाली सम्पमध्ये सोडणारा ओव्हरफ्लोचा पाईप गुरगुरतो, सम्पमध्ये बुडबुडे होतात आणि खडकामागं पाणी हलत नाही ते नाहीच.

रिटर्न पंप घेताना खोक्यावरचं मॅक्स हेड नीट समजून घ्या. दोन मीटर लिहिलंय म्हणजे दोन मीटरवर पाणी मिळेल असं नाही, तिथं पाणी बंद होतं असा त्याचा अर्थ. सम्पच्या पाण्यापासून टँकच्या काठापर्यंत साधारण सव्वा मीटर चढ असतो, म्हणजे 2000 लिटरवाला पंप वर निम्म्याहून कमीच पाणी देणार, त्यात पाईपला चार एल्बो लावले की अजून कमी.

आता वेव्हमेकरचा हिशोब. 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे साधारण 190 लिटर, त्यातून खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी 160 च्या आसपास. झोआ, मशरूम, लेदर असले सॉफ्ट कोरल असतील तर तासाला 10 ते 20 पट, मऊ-कडक दोन्ही कोरल असलेला मिक्स रीफ असेल तर 20 ते 40 पट, आणि अॅक्रोपोरासारखे एसपीएस (बारीक तोंडाचे कडक कोरल) ठेवायचे तर त्याच्याही वर. ३० पट धरलं तर 4800 लिटर. इथंच मोठी चूक होते, माणूस सरळ 5000 चा एकच वेव्हमेकर उचलतो. एका स्प्रिंकलरवर अख्खं रान भिजत नाही भाऊ. समोरच्या कोपऱ्यातली वाळू उडून काच उघडी पडते आणि खडकाच्या मागं घाण साचते, तिथंच मग लाल शेवाळ धरतं (ते निव्वळ फ्लोमुळं होत नाही, जास्त खाऊ घालणं पण कारण असतं, पण साचलेल्या घाणीवर ते मजेत वाढतं). त्यापेक्षा 2500 चे दोन घ्या, समोरासमोरच्या काचांवर लावा आणि आळीपाळीनं कमीजास्त होतील असे ठेवा. दोन प्रवाह एकमेकांवर आदळले की पाणी वेडंवाकडं फिरतं आणि कोरलला तेच पाहिजे असतं, एका दिशेनं चोवीस तास मारा नको. टॉर्च, हॅमर या कोरलवर तर सरळ झोत अजिबात नको, त्यांचं मांस सांगाड्यावर घासून फाटतं. पंपाचं तोंड रुंद असलेला बघा, बारीक जेट मारणारा नको.

आता उन्हाळ्याचं. पंप जेवढे वॅट खातो ते शेवटी जवळपास सगळे उष्णता म्हणून पाण्यातच उतरतात. रिटर्न आणि दोन वेव्हमेकर मिळून 60 वॅट झाले तर 160 लिटर पाण्यात, बाहेर काहीच गेली नाही असं धरलं, तर तासाला जवळपास 0.3 डिग्री. हिवाळ्यात कळत नाही, पण कोरलला 24 ते 27 च्या आसपास बरं वाटतं आणि बराच काळ 30 च्या वर राहिलं की ते पांढरे पडायला लागतात, तेव्हा ती 0.3 जिवावर येते. म्हणून जुन्या एसी करंटवरच्या पंपापेक्षा डीसी पंप घ्या, तेवढ्याच फ्लोला वॅट कमी लागतात आणि कंट्रोलरवरून स्पीड कमी करता येतो. मोटर काचेच्या बाहेर असते तसले पण मिळतात, व्होरटेक हे त्यातलं नाव, पण खिसा बघून.

आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळं पाण्यावर साधा पंखा सोडला तरी टँक दोन-तीन डिग्री थंड होतो. मात्र त्यानं पाणी भसाभस उडतं आणि याचा फटका पंपाला बसतो, कसा ते ऐका. सम्प असलेल्या टँकमध्ये वरची लेव्हल तशीच राहते, कमी होते फक्त रिटर्न पंपाच्या खणातली. तो खण असतो छोटा, सकाळी भरलेला संध्याकाळी रिकामा, पंप हवा ओढायला लागतो, टँकभर बारीक बुडबुडे, मग कोरडा चालून पंप जातो. लोक म्हणतात पंपच हलका निघाला. पंप नाही, खण लहान पडला. ऑटो टॉपअप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा नाहीतर रोज दोनदा लेव्हल बघा, आणि भरताना आरओचं साधं पाणी भरायचं, मिठाचं नाही, कारण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागं राहतं. बोअरचं तर मुळीच नको. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापरा, लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आपल्या घरात ते नळीवाटे मोरीत सोडलं तर आजी टँकसकट आपल्याला बाहेर काढेल.

लाईट गेल्यावर मासे मरतात ते बहुतेक ऑक्सिजन संपून, कारण गरम पाण्यात तो आधीच कमी विरघळतो. त्यामुळं निदान एक वेव्हमेकर बॅकअपवर पाहिजेच, कमी स्पीडवर आणि तोंड वरच्या पाण्याकडं, पृष्ठभाग हलला पाहिजे. घरच्या इन्व्हर्टरवर टाकणार असाल तर तो साईन वेव्ह आहे का बघा, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप भणभण करतात आणि तापतात. थेट बॅटरीवर डीसी पंप जोडायचा विचार असेल तर चार्जिंगच्या वेळी बारा व्होल्टची बॅटरी 14 च्या आसपास जाते, कंट्रोलरला ते चालतं का आधी विचारा. आणि बाहेरच्या देशातून कुणी 110 व्होल्टचा पंप आणला तर आपल्या 230 वर लावू नका, जळेल.

लाईट गेली की रिटर्नच्या नळीतून पाणी उलटं सम्पमध्ये येतं हे पण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रिटर्नचं तोंड पाण्यात खोल ठेवलं की तेवढं सगळं पाणी खाली उतरतं आणि हॉलमध्ये खारं तळं. तोंड वर ठेवा, पंप मुद्दाम बंद करून सम्प कुठपर्यंत भरतो ते एकदा बघून घ्या आणि मगच सम्पची लेव्हल ठरवा.

चालू पंप अचानक आवाज करायलाय किंवा फ्लो पडलाय तर लगेच नवा मागवू नका. इम्पेलर (पंपातलं फिरणारं पातं) काढा, त्यावर कॅल्शियमचा पांढरा थर बसलेला असतो, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा, साध्या पाण्यात धुवा. दर दोन-तीन महिन्यांनी एवढं केलं तर पंप जास्त टिकतो. काढल्यावर इम्पेलरच्या चुंबकाकडं पण नजर टाका, वरचं आवरण फुगलं किंवा तडकलं असेल, गंजाचा डाग दिसत असेल तर तो इम्पेलर परत टँकमध्ये घालू नका, त्यातला धातू पाण्यात उतरतो, नवा इम्पेलर वेगळा मिळतो का ते पंप घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा.