अब्रुनुकसानीची पहिली फाईल हातात आली की

अब्रुनुकसानीचा पक्षकार चेंबरमध्ये येतो तो तापलेलाच. "वकीलसाहेब, त्याला आत टाका." ज्युनिअरने आधी त्याच्याकडून नेमके शब्द घ्यावेत. "असं काहीतरी म्हणाला" चालत नाही. मराठीत लिहिलं असेल तर मराठीत, अशुद्ध असेल तर अशुद्धच, जसंच्या तसं तक्रारीत उतरवा. कोण म्हणालं, कधी, कुठे, आणि तिसऱ्या कुणी ते ऐकलं किंवा वाचलं का, हेही विचारा. फक्त पक्षकारालाच पाठवलेलं पत्र कितीही झोंबणारं असो, ते प्रकाशन नाही, म्हणून अब्रुनुकसानीही नाही. अर्ध्या फाईली या एका प्रश्नावर बंद होतात, आणि त्या तिथेच बंद झालेल्या बऱ्या.

पुढे तारीख. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला मुदत फक्त एक वर्ष, आणि लेखी मजकुराच्या बाबतीत ती प्रकाशनाच्या दिवसापासून मोजतात. दाव्याला विलंब माफीचा अर्ज चालत नाही. नोटिसीच्या उत्तराची वाट बघत हे वर्ष घालवणं ही ज्युनिअरची सगळ्यात महागात पडणारी चूक. कायद्याने नोटीस सक्तीची नाही. पाठवायची असेल तर पाठवा, पण दाव्याचा मसुदा तयार ठेवून. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं मिळतात.

कलमांचा घोळ अजूनही होतो. मजकूर १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०० चा; त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. पण तक्रार त्या तारखेनंतर दाखल होत असेल तर प्रक्रिया मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेचीही सोय आहे. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. पोलीस ठाण्यात एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून पुढे काही होईल या आशेवर पक्षकाराला ठेवू नका. मार्ग खाजगी तक्रारीचा, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे.

तिथे फिर्यादीचं व्हेरिफिकेशन, म्हणजे शपथेवरचा जबाब, होतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे आता दखल घेण्याआधीच आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. आरोपी कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर कलम २२५ ची चौकशी झाल्याशिवाय प्रोसेस इश्यू होऊ शकत नाही, म्हणजे समन्स निघू शकत नाही. ती टाळून निघालेलं समन्स रिव्हिजनमध्ये, म्हणजे वरच्या कोर्टातल्या फेरतपासणीत, टिकत नाही. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, भाग अ आणि भाग ब दोन्ही, हॅश व्हॅल्यूसह (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा). तारीख आणि ग्रुपचं नाव कापून टाकलेला स्क्रीनशॉट, आणि दरम्यान फॉरमॅट केलेला मोबाईल, असं घेऊन लोक येतात. पहिल्याच भेटीत फोन जपून ठेवायला सांगा.

आता आरोपीची बाजू. भाषणस्वातंत्र्याची खरी जागा इथे आहे. संविधानाच्या कलम १९(२) मध्ये ज्या कारणांसाठी निर्बंध घालता येतात त्यांत अब्रुनुकसानी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात हा गुन्हा वैध ठरवला. आमच्या मते शब्दासाठी तुरुंगाची भीती असूच नये, दिवाणी दावा पुरेसा आहे. पण कोर्टात मतावर केस चालत नाही, ती कलमातच दिलेल्या दहा अपवादांवर चालते. ते तोंडपाठ हवेत. दिवाणी दाव्यात मजकूर खरा ठरला की बचाव पूर्ण. फौजदारीत तो खरा असून शिवाय लोकहितासाठी असावा लागतो. अपवाद सिद्ध करायचा भार आरोपीवर. आणि बऱ्याच अपवादांना लागणारी सद्भावना म्हणजे नुसतं मन साफ असणं नव्हे. पुरेशी काळजी घेतल्याशिवाय केलेलं काही कायदा सद्भावनेचं मानत नाही.

१८८२ चा कोल्हापूर खटला यासाठीच वाचावा. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल दिवाण बर्व्यांवर केसरी आणि मराठा या पत्रांनी लिहिलं, ते हाती आलेल्या पत्रांच्या भरवशावर. ती पत्रं बनावट निघाली. हेतूबद्दल कुणाला शंका नव्हती, माफीही मागितली होती, तरी टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आज फॉरवर्ड आलेली पीडीएफ पुढे ढकलणारा त्याच जागी उभा असतो.

सोसायटीच्या ग्रुपवरची दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. "अध्यक्षांनी पैसे खाल्ले." आणि "ऑडिट रिपोर्टच्या पान १४ वर ३ लाख २० हजारांच्या खर्चाच्या पावत्या नाहीत असा शेरा आहे. अध्यक्षांनी खुलासा करावा." दुसरं वाक्य जास्त बोचतं, तरी त्याचा बचाव करता येतो: दस्त हातात आहे, हिशेब विचारणारा सभासद आहे आणि ऐकणारेही सभासदच. हाच मजकूर गावभर पत्रकं छापून वाटला तर सभासदाच्या हिताचा अपवाद लंगडा पडतो. बातमीदारांनाही हेच सांगा, आणि छापण्याआधी समोरच्याला विचारलेले प्रश्न तारखेसह जपायला सांगा.

हे कागद कलम २२३ च्या सुनावणीतच मांडा. तिथे जमलं नाही तर त्याच संहितेच्या कलम २७४ चं नवं परंतुक (कलमाला जोडलेली पुरवणी तरतूद) आहे: आरोप निराधार वाटल्यास दंडाधिकारी कारणं नोंदवून आरोपीला मुक्त करू शकतात. जुन्या सवयीने हा अर्ज करायचाच राहून जातो.

दिवाणी दाव्यात पहिल्याच तारखेला मजकूर हटवण्याचा एकतर्फी मनाई हुकूम मागितला जातो. प्रतिवादीकडून असाल तर ब्लूमबर्ग विरुद्ध झी हा सर्वोच्च न्यायालयाचा २२ मार्च २०२४ चा निकाल पुढे ठेवा. साक्षीपुरावा होण्याआधी लेखन रोखणं अपवादानेच, असं त्यात स्पष्ट आहे. वादीकडून असाल तर तो हुकूम मिळेलच असं पक्षकाराला सांगू नका.

खाजगी फिर्याद आपसात मिटवता येते, आणि बरीच मिटते. तडजोडीच्या पुरशिसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) खुलाशाचा मजकूर शब्दशः लिहा, तो कुठे आणि किती तारखेपर्यंत टाकायचा तेही लिहा. नुसतं "दिलगिरी व्यक्त करतील" लिहून फाईल बंद केली की सहा महिन्यांनी तेच दोघे पुन्हा चेंबरमध्ये असतात.