काउबॉय नेमबाजीत ठासणीची वेगळी रिव्हॉल्व्हर वापरायची असेल तर

काउबॉय नेमबाजी म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेच्या काळातल्या हत्यारांची स्पर्धा, आणि फ्रंटियर्समन हा त्यातला ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांचा गट. त्यात उतरायचं ठरवलं की बहुतेक जण १८५१ची कोल्ट नेव्ही नाहीतर १८५८ची रेमिंग्टन घेतात. त्यात वावगं काही नाही, सुटे भाग सहज मिळतात. पण इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया आणि आसपासच्या कारखान्यांनी स्टार, रॉजर्स अँड स्पेन्सर, स्पिलर अँड बर, लेमॅट यांच्याही प्रतिकृती घडवल्या आहेत. त्या भिंतीवर टांगून ठेवल्या की मला वाईट वाटतं. आमच्या अमेरिकेतल्या क्लबात नव्याने येणाऱ्यांची हत्यारं उघडून बघायचं काम माझ्याकडे असतं. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी नियम, कारण निम्मी निवड तिथेच होते. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या या गटात दोन पर्कशन (टोपीने बार उडणाऱ्या) रिव्हॉल्व्हर लागतात, .३६ (इंचातला व्यास) किंवा त्याहून मोठ्या. काळी दारू किंवा तिचा पर्याय वापरायचा आणि एका हाताने मारायचं. प्रत्येकीत पाच गोळ्या, घोडा सिलिंडरच्या रिकाम्या कप्प्यावर टेकलेला. टोप्या (ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या वाट्या) आधी घरी चढवून आणायच्या नाहीत, त्या लोडिंग टेबलावर चढतात.

आता स्टारची १८५८ची रिव्हॉल्व्हर बघा. पुढचा मोठा चाप दाबला की सिलिंडर फिरतो आणि घोडा उठतो. तो चाप पूर्ण मागे गेला की गार्डच्या मागच्या बाजूला दडलेला छोटा चाप दाबला जातो आणि बार उडतो. यंत्र म्हणून सुरेख, पण डबल अ‍ॅक्शन, म्हणजे चापानेच घोडा उठणारी. आपल्याला सिंगल अ‍ॅक्शन, अंगठ्याने घोडा ओढायची, लागते, म्हणून ही आपल्या कामाची नाही. कोल्टच्या जुन्या पॅटर्सनला कप्पेच पाच. घोड्याखालचा एक रिकामा ठेवला की चार गोळ्या उरतात, आणि चुकलेल्या प्रत्येक नेमाचे पाच सेकंद चढतात. शिवाय घोडा मागे ओढल्यावरच खाली उतरणारा चाप घाईत बोटाला सापडत नाही. संग्रहासाठी जरूर घ्या, स्टेजवर (सामन्यातल्या फेरीत) नको.

माझी पहिली पसंती स्टारच्या १८६३ला. सैन्याला स्वस्त हत्यार हवं होतं म्हणून स्टारने ही साधी सिंगल अ‍ॅक्शन काढली. .४४, आठ इंची नळी, सहा कप्पे. फ्रेमच्या मागच्या बाजूला, घोड्यापुढे, एक मोठा स्क्रू आडवा जातो. तो काढला की नळी पुढे खाली कलते आणि सिलिंडर हातात येतो. कोल्टसारखी पाचर ठोकायची भानगड नाही. सिलिंडरच्या आरपार जाणारी वेगळी दांडीही नाही. त्याचा स्वतःचाच पुढे आलेला दांडा आसाचं काम करतो. काळ्या दारूची काजळी नेमकी अशा वेगळ्या लांब दांडीवर साचून सिलिंडर जड होतो, त्यामुळे हा फरक दुपारनंतरच्या स्टेजना जाणवतो. सेकंडहँड घेताना तो मोठा स्क्रू आधी बघा. त्याची खाच झिजलेली किंवा आटे दुखावलेले असतील तर सौदा सोडा. स्टारचे सुटे भाग रेमिंग्टनइतके सहज मिळत नाहीत.

रॉजर्स अँड स्पेन्सरचं नशीब खोटं. नोव्हेंबर १८६४मध्ये अमेरिकी सैन्याने पाच हजारांची ऑर्डर दिली, माल येईपर्यंत यादवी युद्ध संपलं. पेट्या तशाच पडून राहिल्या आणि १९०१मध्ये लष्करी भंगाराचे व्यापारी बॅनरमन यांनी त्या उचलल्या. हत्यार मात्र उत्तम. वरून बंद भक्कम फ्रेम आणि खाली रुंद होत जाणारी मूठ. एका हाताने मारताना ती मूठ तळव्यात बसते आणि दुसऱ्या गोळीला पकड बदलावी लागत नाही. बारीक हाताच्या माणसाने आधी धरून बघावी, अंगठा घोड्यापर्यंत पोचायला थोडा ताण पडतो.

स्पिलर अँड बर ही यादवी युद्धातल्या दक्षिणेची, अटलांटा आणि नंतर मेकनमध्ये बनलेली, .३६ची पितळी फ्रेम. पितळ आहे म्हणून दारू हलकी ठेवा, एवढंच.

लेमॅट म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टरांची करामत: नऊ कप्पे, मधोमध छऱ्याची जाड नळी. खेळात नऊतले पाचच भरायचे आणि मधली नळी रिकामी. वजन खूप, एका हाताने तर फारच. जिंकण्यासाठी कुणी घेऊ नये. प्रेमापोटी घ्यायचीच असेल तर मॅच डायरेक्टरला आधी विचारा आणि जोडीची दुसरी हलकी ठेवा.

जोडीतल्या दोन्ही एकाच कंपनीच्या हव्यात असं नाही. पण गोळी आणि टोपी एकच असावी. लोडिंग टेबलावर मागे रांग उभी असताना दोन डब्यांत बोटं घालायला लागली की टोप्या खाली पडतात.

आता खरं काम, टोप्यांचं. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोडा आणि फ्रेमच्या फटीत गेला की स्टेज तिथेच अडकते. उपाय निपलपासून, म्हणजे टोपी चढवायच्या बोंडीपासून, सुरू होतो. टोपी बोटाने दाबल्यावर घट्ट बसली पाहिजे आणि सिलिंडर उलटा केल्यावर पडता कामा नये. बऱ्याच इटालियन निपलवर रेमिंग्टनची १० नंबरची नीट बसते. सैल बसली तर चिमटून काम चालवण्यापेक्षा निपल बदला. टोपी शेवटपर्यंत लाकडी काडीने दाबायची, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. ती अर्धवट बसली तर घोड्याचा पहिला फटका तिला नुसती आत सरकवतो आणि बार होत नाही. मारताना प्रत्येक गोळीनंतर नळी वर उचलून घोडा ओढायची सवय लावा, म्हणजे तुकडा यंत्रात न जाता मागे खाली पडतो. घरी रिकाम्या हत्याराने ही हालचाल इतकी घोटा की विचार करावा लागू नये.

दारू .४४ला २० ते २५ ग्रेन, तीही वजनाने नव्हे, घनमापाने, आणि कारखान्याने दिलेल्या कमाल मर्यादेच्या आतच. इतक्या कमी दारूवर गोळी कप्प्यात फार खोल बसते. म्हणून मध्ये गव्हाचा रवा किंवा मक्याचं पीठ भरा, गोळी तोंडाजवळ राहते आणि नेम सुधारतो. दारू आणि गोळीमध्ये हवा मात्र राहू देऊ नका. पिएत्ता या इटालियन कारखान्याच्या .४४ला .४५१ किंवा .४५४ची शिशाची गोळी लागते. ठासताना शिशाची बारीक अंगठी सोलून निघाली पाहिजे. ती अर्धवट निघाली तर गोळी लहान आहे, आणि शेजारच्या कप्प्याने पेट घ्यायचा धोका आहे. गोळीवर मेण आणि चरबीचं मिश्रण फासा, काजळीही मऊ राहते.

खरेदीपूर्वी आपल्या राज्याचा कायदा बघा. १९६८च्या केंद्रीय कायद्याने या प्रतिकृती साध्या बंदुकांपासून वेगळ्या ठेवल्या आहेत, पण न्यू जर्सीसारखी राज्यं तशी सवलत देत नाहीत.

मॅच संपली की त्याच संध्याकाळी धुवा. गरम पाणी, साबण, निपल काढून ब्रश, मग कोरडं करून तेल. स्टारचा मोठा स्क्रू परत लावताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी तो काजळीने जाम झालेला असेल.