बेन रेसिपोलला निघण्याआधी

बेन रेसिपोलची उंची ८४५ मीटर, आपल्या कळसूबाईची १६४६. आकडा बघून सह्याद्रीत तयार झालेली मंडळी या स्कॉटिश डोंगराला किरकोळीत काढतात. पण चढाई रेसिपोल नावाच्या वस्तीपाशी, लॉख सुनार्टच्या काठावरून सुरू होते, आणि लॉख सुनार्ट म्हणजे भरती-ओहोटीची खाडी. त्यामुळे जवळपास सगळेच्या सगळे ८४५ मीटर चढावे लागतात, तेही भिजलेल्या जमिनीवरून. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा.

म्हणून आधी पायांचं बघा. घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ बूट, त्यावर गेटर्स (पोटरीपर्यंत चढवायची आवरणं), आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोकरी मोज्यांचा कोरडा जोड. ओढ्याकाठचं बर्च-ओकचं रान संपलं की दलदल लागते. हिरवंगार शेवाळ दिसलं तर काठी टोचून मगच पाय टाका. जीन्स नकोच, ती भिजली की अंगातली ऊब शोषून घेते. रेनकोट आणि पावसाळी पँट दोन्ही हवेत. टोपी-हातमोजे जूनमध्येही घ्या.

कागदी नकाशा हवाच, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेच्या लँडरेंजर मालिकेतला ४० क्रमांकाचा. वर वाट पुसट होते, ढग उतरला की होकायंत्राशिवाय गत्यंतर नाही; ते वापरायचा सराव घरीच करा. परतीची वेळ कुणाला तरी सांगून निघा. प्रसंग आलाच तर ९९९ फिरवून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. शिट्टी असू द्या: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

उन्हाळ्यात मिजेस नावाची चिलटं जीव नकोसा करतात, तोंडावरची जाळी विसरू नका. गोचिडींसाठी चिमटा, संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत नीट तपासा, कारण त्यांच्यातून लाइम रोग होतो.

फोर्ट विल्यमकडून येणाऱ्यांनी कोरनची फेरीबोट चालू आहे ना, हे आदल्या दिवशी पाहावं. नाहीतर लॉख आइलला मोठा वळसा पडतो. वाटेत स्ट्रॉन्शियन लागतं. स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याला नाव मिळालं ते इथल्याच खाणींतल्या खनिजावरून. तिथे जरूर थांबा.

खायला गुळाच्या पोळ्या उत्तम, थंडीत चिवट झाल्या तरी चालतात. थर्मासभर चहा. आणि एक जाड स्वेटर, चढताना घालायचा नाही, फक्त माथ्यावर बसण्यासाठी. एका अंगाला लॉख सुनार्ट, दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याचं लॉख शील, पश्चिमेला एग आणि रम बेटं. बऱ्याचदा वर दुसरं कुणीही नसतं. तिथे निदान अर्धा तास तरी बसाच.