‘जॉक’ला मराठीत काय म्हणाल?

अमेरिकन हायस्कूलच्या मालिकांची सबटायटल्स करायला घेतली, तेव्हा पहिल्याच भागात मी ‘जॉक’चं, म्हणजे सदा खेळात रमलेल्या पोराला लावतात त्या शब्दाचं, ‘पैलवान’ करून टाकलं. पडद्यावर हेल्मेट काखोटीला मारलेला फुटबॉलवाला पोरगा आणि खाली ‘आला बघ पैलवान!’ तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं : कुठल्या तालमीतला?

तेव्हापासून आधी बघते, बोलतंय कोण. अभ्यासू, मार खाल्लेला पोरगा बोलत असेल तर तो टोमणा असतो : अंगात रग, डोक्यात अंधार. तिथे ‘खेळाडू’ लिहिलंत की चिमटाच निघून जातो. मी ‘बैलोबा’ लिहिते. तेच एखादी खेळणारी मुलगी स्वतःला ‘जॉक’ म्हणवत असेल तर ती मिरवतेय; मग ‘मी पक्की मैदानावरची’. कथा स्कॉटलंडची असेल आणि शब्द कॅपिटल जे-नं सुरू होत असेल, तर हात लावू नका. ते जॅकचं तिकडचं रूप. इंग्रज लोक कुठल्याही स्कॉटिश माणसाला तसं म्हणतात. ‘जॉकी’ही त्याच नावावरून : आधी नुसता पोऱ्या, मग घोड्यांचा व्यापारी, मग शर्यतीतला स्वार.

खेळाडूंचा ‘जॉक’ मात्र आला ‘जॉकस्ट्रॅप’वरून. आपल्याकडे जिममध्ये त्याला ‘सपोर्टर’ म्हणतात. ‘जॉक’ हा पुरुषाच्या ‘त्या’ अवयवाचा बाजारू शब्द, स्ट्रॅप म्हणजे पट्टा. 1874 साली शिकागोच्या शार्प अँड स्मिथ कंपनीतल्या चार्ल्स बेनेटनं असा पट्टा बनवला, तो बॉस्टनच्या दगडी रस्त्यांवर सायकल हाणणाऱ्यांसाठी. तिथल्या दणक्यांची कल्पना करा म्हणजे गरज कळेल. पुढे पट्टा सगळ्याच खेळांत गेला आणि 1960च्या दशकापर्यंत पट्ट्याचं नाव घालणाऱ्याला चिकटलं.

इथे हमखास वाटतं, अरे, हा तर आपला लंगोट! मलाही वाटलं होतं. पण आपल्याकडे ‘लंगोटाचा पक्का’ म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा, आणि मालिकेतला जॉक दर भागात नवी मैत्रीण फिरवतो. कापड एकाच जागेचं, अर्थ दोन टोकांना. म्हणून लंगोटावरून शब्द पाडू नका. विनोदच पट्ट्यावर असेल तर सरळ ‘सपोर्टर’ लिहा. लॉकर रूममधल्या प्रसंगात पोरांना तो लगेच कळतो. आजीसोबत बघणाऱ्यांचं मात्र माझ्याकडे काही उत्तर नाही.