सैन्यातून आलेला वैमानिक, फ्लाइंग स्कूलमधून आलेला वैमानिक

विमान कंपनीत नव्याने दाखल झालेल्या वैमानिकाच्या कानावर पहिल्या काही आठवड्यांतच दोन समज पडतात. सैन्यदलांतून आलेले लोक ताठ असतात, त्यांना दुसऱ्याचे ऐकण्याची सवय नसते, हा एक. आणि फ्लाइंग स्कूलमधून आलेली मुले ऑटोपायलटच्या भरवशावर वाढलेली असतात, हा दुसरा. मी स्वतः नागरी मार्गाने आलो आणि पुढे दोन्ही प्रकारच्या सहकाऱ्यांबरोबर अनेक वर्षे उड्डाण केले. हे समज अगदीच निराधार नाहीत, पण खरी अडचण त्यांत सापडत नाही.

बहुतेक वाद लॉगबुकातील तासांवरून पेटतात. अमेरिकेत २०१३ पासून विमान कंपनीच्या को-पायलटला साधारणपणे १५०० तासांचा अनुभव लागतो, तर सैन्यात प्रशिक्षण घेतलेल्याला ७५० तास पुरतात, आणि ही सूट अनेक नागरी वैमानिकांना खुपते. लढाऊ विमानाची सॉर्टी, म्हणजे एका मोहिमेचे उड्डाण, बहुधा तास-दीड तासाची असल्यामुळे त्या वैमानिकाचे एकूण तास संथ गतीने वाढतात. उलट प्रशिक्षक म्हणून काम करणारा नागरी वैमानिक काही वर्षांत त्याच्या पुढे जातो. मात्र फॉर्मेशनमध्ये, म्हणजे इतर विमानांच्या जवळ रचनेत राहून, जमिनीलगत उडवलेला एक तास आणि रात्री खराब हवामानात मालवाहू टर्बोप्रॉप (पंख्याचे विमान) नेताना काढलेला एक तास यांची तुलना कोणत्या मापाने करायची? शिवाय ‘सैन्यातला’ म्हणजे लढाऊ विमानाचाच, असेही नाही. वाहतूक विमानांवरचे लोक पहिल्यापासून कर्मचाऱ्यांच्या चमूत काम करतात, त्यामुळे ते कंपनीच्या कॉकपिटमध्ये सहज रुळतात.

माझ्या मते नवख्याने लक्ष ठेवायचे ते मौनावर. एकासनी लढाऊ विमानात रेडिओ, दिशा, इंधन, शस्त्रे हे सगळे एकट्याने सांभाळलेला माणूस कठीण प्रसंगी बोलायचे थांबतो आणि हात चालवू लागतो. त्याच्या मनात काय चालले आहे, हे शेजारच्याला कळतच नाही. नागरी मार्गाने आलेला तरुण को-पायलट वेगळ्या कारणाने गप्प राहतो: वेग वाढतो आहे हे त्याला दिसत असते, पण कॅप्टनच्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे पाहून त्याची जीभ अडखळते. दोन्ही मौनांचा परिणाम एकच. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान लँडिंग गिअरच्या तक्रारीत गुंतून राहिले आणि इंधन संपून कोसळले. कॉकपिटमधील सहकाऱ्यांनी इंधनाचा विषय काढला होता, पण ठामपणे नाही. पुढच्याच वर्षी नासाने याच प्रश्नावर कार्यशाळा भरवली आणि त्यातून आज प्रत्येकाला करावे लागणारे सीआरएम प्रशिक्षण, म्हणजे कॉकपिटमधील संवाद आणि एकत्र काम करण्याचे प्रशिक्षण, आकाराला आले.

हडसन नदीवर २००९ मध्ये उतरवलेल्या विमानाचे कॅप्टन सलनबर्गर हे पूर्वीचे लढाऊ वैमानिक. इंजिने बंद पडल्यावर त्यांनी ताबा घेतला, शेजारच्या स्काइल्स यांनी चेकलिस्ट हाती घेतली, आणि पाणी जवळ येत असताना कॅप्टननी त्यांना विचारले, की आणखी काही सुचते आहे का. उत्तर नकारार्थी होते. तरीही विचारले गेले, हे मला त्या लँडिंगइतकेच मोलाचे वाटते.

सैन्यातील लोकांकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे डीब्रीफिंग, अर्थात उड्डाणानंतर बसून केलेली चुकांची चर्चा. चांगल्या स्क्वाड्रनमध्ये त्या खोलीत हुद्दा चालत नाही. कनिष्ठानेही वरिष्ठाची चूक दाखवायची असते. आम्ही नागरी मंडळी मात्र शटडाउन चेकलिस्ट संपली की बॅग उचलून गाडीकडे धावतो. नवख्याने कॅप्टनकडे पाच मिनिटे मागावीत. सैन्यातून आलेल्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की दिवसातल्या चौथ्या उड्डाणानंतर थकलेल्या सहकाऱ्याला डीब्रीफिंगमधला कोरडा सूर अपमानासारखा लागतो.

अनेक कंपन्यांत सीनियॉरिटी रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरते, म्हणून स्क्वाड्रनचे नेतृत्व केलेला माणूस आपल्याहून बराच लहान असलेल्या कॅप्टनच्या उजवीकडे बसतो. बहुतेक जण हे शांतपणे स्वीकारतात. ‘आमच्याकडे असे करायचो’ हे वाक्य मात्र कंपनीच्या एसओपीपुढे (ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीपुढे) निरुपयोगी आहे, आणि शेजारच्यानेही लढाऊ विमानांच्या गोष्टी १०,००० फुटांखाली विचारू नयेत. तिथे उड्डाणाव्यतिरिक्त बोलणे नियमातच बसत नाही.

टाइप रेटिंगसाठी, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या परवान्यासाठी, सिम्युलेटरमधला जोडीदार निवडण्याची मुभा मिळाली, तर वेगळ्या पार्श्वभूमीचा निवडावा. टेकऑफच्या वेळी इंजिन बंद पडण्याचा सराव सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावे, की ऑटोपायलटचा मोड बदलला की उडवणारा तो मोठ्याने सांगेल आणि लँडिंगसाठी उतरताना १००० फुटांवर विमान स्थिर नसेल, तर पाहणारा ‘गो-अराउंड’ (न उतरता पुन्हा वर चला) म्हणेल, मग डावीकडे कॅप्टनच्या जागी कोणीही बसलेले असो.