माळ्यावर जुन्या मूक कॉमेडीची रीळ सापडली तर काय करायचं

ठाण्यात नौपाडा, चरईतल्या जुन्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला जातायत आणि माळे रिकामे करताना कधीकधी पत्र्याचे गोल डबे निघतात, आत काळी फिल्म, वर पेनाने 'चार्ली' लिहिलेलं. बरेच जण तो डबा सरळ भंगारवाल्याला देतात. प्लीज देऊ नका. पूर्वी घरी प्रोजेक्टर ठेवणारे हौशी लोक होते आणि त्यांच्या रिळांमध्ये एखादी अशी कॉमेडी असू शकते जी जगात दुसरीकडे कुठे उरलेलीच नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेतल्या मूक फीचर फिल्म्सपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्ण उरल्यात. आपल्याकडे तर तेराशेच्या आसपास मूकपट बनले, आणि उरले अगदी मोजके.

सगळ्यात आधी, ती रीळ प्रोजेक्टरवर चढवायची नाही. मोह होतो, मान्य आहे, पण जुनी फिल्म आक्रसलेली असते, भोकं मशीनच्या दातांना जुळत नाहीत आणि एका मिनिटात दहा फूट फाटते. आक्रसली का ते घरीच कळतं: त्याच मापाच्या नव्या फिल्मशेजारी ठेवून १०० फ्रेम मोजा, एका फ्रेमचा फरक आला म्हणजे एक टक्का आक्रसली, आणि एवढ्यात प्रोजेक्टर तिची वाट लावतो.

मग डबा खिडकीजवळ उघडा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अ‍ॅसिटेट (सेफ्टी फिल्मचं प्लास्टिक) आहे आणि सडायला लागलीय, तो डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही खराब करते.

आता माप. दोन फ्रेमच्या मधल्या जागेत, पट्टीच्या मधोमध एकच भोक असेल तर ती साडेनऊ एमएम, पाथे कंपनीने १९२२ मध्ये घरगुती वापरासाठी आणलेली. १६ एमएम कोडॅकने १९२३ मध्ये आणली. ही दोन्ही मापं सेफ्टी फिल्मवर असतात, म्हणजे भडका उडत नाही. ३५ एमएम असेल तर मात्र थांबा. १९५०च्या सुमारापर्यंत ३५ एमएम बहुतेक नायट्रेट या झटकन पेटणाऱ्या प्लास्टिकवर असायची आणि नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याखालीसुद्धा जळत राहतं, कारण ऑक्सिजन त्याच्यातच असतो. पुण्यात २००३ मध्ये नायट्रेटच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुने सिनेमे गेले. काठावर 'सेफ्टी' छापलंय का बघा, पण तेही नीट बघा: काळी अक्षरं म्हणजे ती याच फिल्मची, काळ्यावर पारदर्शक अक्षरं म्हणजे ती निगेटिव्हवरून उतरून आलेली, त्यांच्यावर विसंबू नका. तुकडा जाळून बघायचा प्रयोग अजिबात नको. नायट्रेटची शंका असेल तर डबा गॅसपासून, उन्हापासून लांब, हवा खेळती राहील असा ठेवा, प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नका, आणि लोकलने तर नेऊच नका, ज्वालाग्राही वस्तू ट्रेनमध्ये न्यायला बंदी आहे. शेवटी दिलेल्या फिल्म संस्थांना आधी फोन करून विचारायचं, मग हलवायचं.

सेफ्टी असेल तर पुढचं काम मजेचं. सुती हातमोजे घाला, फिल्म फक्त काठाला धरा, खाली पांढरा एलईडी लाइट आणि वर भिंग, मोबाइलने एकेका फ्रेमचे क्लोजअप फोटो काढत जा. कोडॅकच्या काठावर बारीक खुणा दिसतील. एक गोल म्हणजे १९१६, १९३६ किंवा १९५६, एक चौकोन म्हणजे त्यापुढचं वर्ष, त्रिकोण म्हणजे त्याच्याही पुढचं, वीस वर्षांनी तेच चक्र परत. १६ एमएमवर एकच गोल असेल तर १९१६ आपोआप बाद होतं. हे फिल्म कधी बनली ते सांगतं, कॉमेडी कधी शूट झाली ते नाही, १९१५ ची कॉमेडी १९३६ च्या प्रिंटवर असणं अगदी नॉर्मल आहे. १६ एमएमच्या दोन्ही काठांना भोकं असतील तर प्रिंट मूक आहे. एका काठाला साउंड ट्रॅक असला तरी निराश होऊ नका, जुन्या कॉमेडी पुढे संगीत टाकून परत विकल्या जायच्या, फक्त त्यात चित्राची एक कड कापलेली असते.

डब्यावरच्या नावावर माझा कधीच विश्वास नसतो, आणि तुम्हीही ठेवू नका. कीस्टोन या अमेरिकन कॉमेडी स्टुडिओच्या चार्लीच्या फिल्म्स वेगवेगळ्या नावांनी पुन्हा रिलीज झाल्या, घरगुती प्रिंट कापून छोट्या केल्या गेल्या, टायटल बदलली. शिवाय बिली वेस्टसारखे हुबेहूब चार्ली बनणारे नट होते. उलटही होतं: मिशिगनमध्ये अँटिकच्या सेलमध्ये एका इतिहासकाराने साधी कीस्टोन कॉमेडी समजून १६ एमएम रीळ घेतली आणि त्यात पोलिसाच्या भूमिकेत खुद्द चॅप्लिन निघाला. ती १९१४ ची 'अ थीफ कॅचर', २०१० मध्ये ही बातमी जाहीर झाली.

म्हणून चेहऱ्यापेक्षा मागचं बघा. पाथेवाले चोरीच्या प्रिंटांना आळा घालायला सेटच्या भिंतीवर कोंबड्याची खूण लावायचे, बायोग्राफ कंपनीवाले 'एबी' अक्षरं. प्रसंगांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांची चौकट, कोपऱ्यातलं कंपनीचं चिन्ह, पाटीचा नंबर, गाड्यांच्या नंबरप्लेट, दुकानाच्या पाट्या, भिंतीवरची पोस्टरं, प्रत्येकाचा फोटो काढा. एका नंबरप्लेटवरून राज्य आणि साल दोन्ही निघू शकतं. पाटी बंगाली, गुजराती किंवा मराठी निघाली तर हात जोडून सांगतो, त्या क्षणी सगळं थांबवा आणि आर्काइव्हला कळवा, 'जमाई बाबू' (१९३१) सारखी भारतीय मूक कॉमेडी हाताशी असणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. बाकी शोधासाठी मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी या वेबसाइटवर त्या काळातली सिनेमाची मासिकं फुकट वाचता येतात, नटाचं नाव आणि प्रसंग टाकून शोधा, 'शिडी, रंगाचा डबा, पोलिस' एवढ्यावरही कथासार सापडू शकतं.

ठेवायचं कुठे? माळ्यावर नाही, तिथे उन्हाळ्यात भट्टी असते. तळमजल्यावर जमिनीलगतही नाही, ठाण्यात पाणी भरतं हे सांगायला नको. गंजलेला पत्र्याचा डबा बदलून पॉलिप्रोपिलीनचा हवेशीर डबा घ्या, आतल्या खोलीतल्या कपाटात मधल्या फळीवर आडवा ठेवा आणि एक स्वस्त आर्द्रता मीटर. ३० ते ५० टक्के हवं, जुलैत इथे ते सहज ८० च्या वर जातं, त्यामुळे सिलिका जेल बदलत राहा. रात्री एसी आणि दिवसा बंद, हे चढउतार फिल्मला आणखी वाईट. पुसायला फक्त कोरडं, धागे न सुटणारं मऊ कापड, पाणी किंवा बाजारातलं लिक्विड नाही.

स्कॅन करायचं तर एकेक फ्रेम वेगळी स्कॅन करणाऱ्याकडेच द्या, भिंतीवर प्रोजेक्ट करून मोबाइलने शूट केलेलं स्कॅन नसतं. स्पीड नंतर ठरवा. १६ एमएमची ४०० फुटांची रीळ सेकंदाला २४ फ्रेमने अकरा मिनिटं चालते, १६ फ्रेमने सोळा मिनिटं चाळीस सेकंद, आणि माणसं नैसर्गिक चालीने चालतात का ते बघूनच आकडा धरावा. फाइलच्या तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्या घरी. स्कॅन झालं म्हणून मूळ रीळ टाकायची नाही.

कायमचं घर हवं असेल तर पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आणि मुंबईतली फिल्म हेरिटेज फाउंडेशन, या दोन ठिकाणी विचारा. पाठवताना डब्यात कागद ठेवा: कुणाच्या घरातली, कुठल्या गावची, कुठल्या साली कुणी विकत घेतली आणि सोबत प्रोजेक्टर कुठला होता. जुना डबा, पावती, चिठ्ठी, सगळं तसंच बरोबर द्या.