बीआरटीची लेन आखायची तर आधी थांबा आखा

बीआरटी म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या लेनमधून धावणारी जलद बससेवा. रस्त्याचा नकाशा हातात आला की मधोमध दोन रेषा मारायच्या आणि थांबे मागाहून कोंबायचे, इथेच गणित फिसकटतं. मोकळ्या पट्ट्यात बस अडत नाही. ती अडते थांब्यावर आणि चौकात.

म्हणून मोजणी थांब्यापासून. दोन बसलेन प्रत्येकी ३.५ मीटर, मध्ये ३ मीटरचा फलाट, दोन्हीकडचे दुभाजक मिळून १ मीटर. इतर वाहनांना दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६.५ मीटर, सायकलमार्ग २ मीटर, पदपथ २.५ मीटर. बेरीज ३३ मीटर. रस्ता ३० मीटरचाच असेल, तर थांब्यापुरती जागा मिळवा. पदपथ कापू नका, प्रवासी त्यावरूनच येणार आहेत.

मग बसची संख्या. तासाला ६० बस आणि प्रत्येकीला २५ सेकंद, म्हणजे १,५०० सेकंद. तासाच्या ४२ टक्के वेळ फलाट अडलेला. ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की मागे रांग लागू लागते. अशा वेळी दुसरा फलाट किंवा ओव्हरटेकिंग लेन द्या. फलाटाची उंची बसच्या फरशीइतकीच हवी, म्हणून बसखरेदीची निविदा आणि फलाटाचं रेखाचित्र एकाच टेबलावर ठेवा. फलाट मधोमध असेल तर बसला उजवीकडे दारं लागतात, हेही त्याच वेळी ठरवा.

थांब्यावर डांबर नको. रोज त्याच जागी ब्रेक लागून चाकोऱ्या पडतात, बस फलाटाला नीट लागत नाही. तिथे सिमेंट काँक्रीटच करा.

चौकात सिग्नलचे टप्पे, म्हणजे हिरव्या दिव्याच्या पाळ्या, कमी करा. ४० सेकंदांचे चार टप्पे असले तर बसला १२० सेकंद लाल दिवा. दोनच ठेवले तर ४०. त्यासाठी उजवं वळण बंद करून पुढे यू-टर्न द्यावा लागतो. यावर ओरड होणार, होऊ द्या. दिल्लीची आंबेडकरनगर–मूलचंद बीआरटी मार्गिका २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये उखडली गेली. चौकातले लांबलचक सिग्नल हे त्या रोषाचं एक मोठं कारण होतं. थांबाही स्टॉपलाइनला, म्हणजे सिग्नलला गाड्या थांबतात त्या रेषेला, चिकटवू नका. हिरवा दिवा असूनही पुढची बस प्रवासी घेत उभी राहते आणि मागच्या अडकतात. किमान तीन बसच्या रांगेइतकं, म्हणजे सुमारे ४० मीटर अंतर सोडा.

फलाटापर्यंत पादचारी पूल नको. जिने कोणी चढत नाही. रस्ता ओलांडायला उंचावलेली झेब्रा पट्टी द्या. आणि लेनच्या तोंडाशी वॉर्डन हवाच, नाहीतर पहिल्याच दिवशी दुचाक्या आत शिरतात.